खारात बुडवलेला पाव

घरी मऊ प्रेट्झेल कसा करावा, यावर इंग्रजीत आणि जर्मनमध्ये पाककृतींचा ढीग पडला आहे, आणि त्यांतल्या बहुतेकींचा जीव पीळ कसा घालावा यातच अडकलेला असतो. दोरी किती लांब वळायची, टोकं एकमेकांवरून किती वेळा फिरवायची, ती पोटावर नेमकी कुठे चिकटवायची, याची पानभर चित्रं. पिठात लोणी किती, साखर पांढरी की तपकिरी, दूध घालायचं की पाणी, यावरही भरपूर शाई. मग शेवटी कुठेतरी एक ओळ येते: उकळत्या पाण्यात खाण्याचा सोडा घाला, प्रेट्झेल अर्धा मिनिट बुडवून काढा आणि भट्टीत ठेवा. घरचा प्रेट्झेल फसतो तो या एका ओळीत. वाया जात नाही, चांगला पाव होतो, कधी कधी फारच चांगला होतो. पण वरून फिकट सोनेरी, चवीला गोडसर बन. जर्मनीत रेल्वे स्टेशनावरच्या टपरीतून घेतलेल्या प्रेट्झेलला जो लालसर तपकिरी रंग असतो, सालीला जी किंचित कडवट, भाजणीची चव असते, तिचा मागमूस नसतो. माझं म्हणणं असं की प्रेट्झेलची ओळख भट्टीत जाण्याआधीच्या त्या बुडवणीत आहे आणि बाकी सगळं तिच्या मागून येतं. घरापुरता हा बुडवणीचा प्रश्न सुटण्यासारखाही आहे. मात्र जर्मन बेकरची हुबेहूब नक्कल करून तो सुटत नाही, आणि सोड्याचं पाकीट पातेल्यात रिकामं करूनही सुटत नाही.

पीळ महत्त्वाचा की बुडवणी, याचा निकाल लावायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. दक्षिण जर्मनीतल्या बेकऱ्यांनी तो प्रयोग आधीच मांडून ठेवला आहे. तिथे प्रेट्झेलच्याच पिठाच्या सरळ कांड्या मिळतात, त्यांना लाउगेनश्टांगे म्हणतात. गोल पावही मिळतात. त्यांना पीळ नाही, वेटोळं नाही. ते फक्त प्रेट्झेलच्याच खाराच्या, म्हणजे अल्कलीच्या, पाण्यातून काढून भाजलेले असतात. डोळे मिटून खाल्ले तर चव प्रेट्झेलचीच. याच्या उलट, ऱ्हाइन नदीच्या काठच्या प्रदेशात आणि बाडेनमध्ये नववर्षाला एक भलामोठा गोड प्रेट्झेल करतात. आकार अगदी शास्त्रोक्त, पण त्याला खार लागलेला नसतो, आणि खाताना तो गोड पावासारखाच लागतो. बीबेराख गावात ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत मिळणारा प्रेट्झेलही नुसत्या पाण्यात उकळून भाजतात. तो फिकट राहतो. म्हणजे आकार आहे आणि खार नाही, तिथे ती चव नाही. खार आहे आणि आकार नाही, तिथे चव हजर.

यावर इतिहासकार आक्षेप घेईल, आणि तो घेणं रास्तच आहे. आकार खारापेक्षा जुना आहे. आल्सेसमधल्या हेराड या मठाधिपती स्त्रीने बाराव्या शतकात तयार करवून घेतलेल्या ‘होर्टुस डेलिकियारुम’ या सचित्र ग्रंथात राणी एस्तेरच्या मेजवानीचं चित्र होतं, आणि त्या टेबलावर प्रेट्झेल ठेवलेला स्पष्ट दिसतो. मूळ ग्रंथ १८७० साली स्ट्रासबुर्गच्या वेढ्यात जळाला. आज आपल्यापुढे आहेत त्या त्याआधी उतरवून घेतलेल्या नकला. जर्मन बेकरांच्या श्रेणींनी हाच आकार आपलं चिन्ह म्हणून दुकानांवर टांगला. तेव्हा इतिहासात प्रेट्झेल म्हणजे तो पीळ, हे मान्य. पण आज कुणी पुण्यात किंवा पिट्सबर्गमध्ये ‘घरी प्रेट्झेल करून पाहू’ म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे उपवासाचा फिकट प्रेट्झेल नसतो, तपकिरी आणि मीठ लावलेला असतो. त्याला जे हवं आहे त्याचा शोध त्या तपकिरी सालीपासूनच घ्यावा लागेल.

खार प्रेट्झेलला लागला कधी, याच्या दोन दंतकथा आहेत आणि दोन्हीत तो अपघाताने लागतो. श्वाबेन प्रांतातली कथा बाड उराख या गावची. काउंट एबरहार्ड, ज्याने १४७७ साली ट्यूबिंगन विद्यापीठ स्थापन केलं तोच, एका बेकरवर रागावला आणि म्हणाला, ज्यातून सूर्य तीनदा दिसेल असा पाव कर, तर जीव वाचेल. बेकराने तीन खिडक्यांचा पाव वळला, आणि घाईत मांजराने तो ट्रे खाराच्या बादलीत पाडला. बव्हेरियाची कथा १८३९ सालची, म्युनिकमधल्या योहान आइलेस यांच्या कॉफीगृहातली. तिथल्या आंटोन नेपोमुक फानेनब्रेनर नावाच्या बेकराने साखरेच्या पाण्याऐवजी ट्रे घासायला ठेवलेलं खाराचं पाणी चुकून वरून फिरवलं. मांजराची कथा ऐकायला बरी आहे, एवढंच तिच्याबद्दल म्हणता येईल. पण दोन्ही कथांतून एक गोष्ट निघते: खार ही भांडी-ट्रे घासायची वस्तू होती, बेकराच्या हाताशी नेहमी असायची, आणि ती पावाला लागणं ही नंतरची भर आहे याची आठवण लोकांना होती. श्वाबेन आणि बव्हेरियाचं भांडण अजून चालू आहे. श्वाबेनचा प्रेट्झेल पोटाला जाड, तिथे चीर दिलेला, आणि हात बारीक, कडक भाजलेले. बव्हेरियाचा हातांनाही जाडसर, चीर न देता आपोआप फुटू दिलेला. ‘बव्हेरियन ब्रेत्से’ या नावाला युरोपीय संघाने २०१४ साली भौगोलिक संरक्षण दिलं. मुंबईचं जुळं शहर असलेलं श्टुटगार्ट श्वाबेनमध्ये येतं, तेव्हा मुंबईकराने पक्ष निवडायचाच तर कुठला निवडावा हे ठरलेलं आहे.

आता त्या खाराचं काम. पावाची साल तपकिरी होते ती मुख्यतः एका अभिक्रियेमुळे, जिचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मेयार यांनी १९१२ साली केलं. पिठातली साखर आणि प्रथिनांतले अमिनो गट उष्णतेत एकत्र येतात, आणि त्यातून रंग आणि वास तयार करणारे शेकडो पदार्थ निपजतात. अमिनो गट या कामाला मोकळा असावा लागतो. साध्या, किंचित आंबट पिठात तो बहुधा हायड्रोजनचा एक जादा कण अंगावर घेऊन बसलेला असतो आणि साखरेकडे ढुंकूनही पाहत नाही. खार तो कण काढून घेतो. मग तीच अभिक्रिया कमी वेळात, जास्त जोमाने होते, आणि तिचा रोखही बदलतो: भाजलेल्या शेंगदाण्याची, कॉफीची आठवण करून देणारे पायराझीन नावाचे पदार्थ खाराच्या संगतीत जास्त तयार होतात. म्हणून प्रेट्झेलची साल नुसती गडद नसते, तिचा वासच वेगळा असतो. जहाल खार याशिवाय आणखी दोन कामं करतो. वरच्या थरातली प्रथिनं तोडून तो अभिक्रियेला जास्त कच्चा माल पुरवतो, आणि तिथला स्टार्च थंड पाण्यातही फुलवून त्याचा पातळ, चकचकीत थर करतो. प्रेट्झेलला वार्निश दिल्यासारखी चमक येते ती या थरामुळे.

कुठला खार किती जहाल हे सामू, म्हणजे पीएच, यावर मोजतात, आणि सगळा घोळ इथेच आहे. जर्मन बेकर सोडियम हायड्रॉक्साइड, आपल्याकडचा कॉस्टिक सोडा, ३ ते ४ टक्के पाण्यात विरघळवतो; त्याचा सामू १४ च्या आसपास जातो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा सामू ८.३ च्या जवळपास. आकड्यांतलं अंतर सहापेक्षा कमी वाटतं, पण या मोजपट्टीवर प्रत्येक घर दहापटीचं असतं. म्हणजे दोन्हींत लाखो पटींचा फरक. यावर स्वयंपाकघरातलं साधं उत्तर असं की मग सोडा दुप्पट घाला. त्याने काही होत नाही. खाण्याचा सोडा चमचाभर घातला काय, वाटीभर घातला काय, त्याच्या पाण्याचा सामू जवळपास तिथेच राहतो. तो रेणूच असा आहे की एका हाताने घेतो आणि दुसऱ्या हाताने देतो. वाढते ती फक्त जिभेवर राहणारी साबणासारखी, धातूसारखी चव. पाणी बराच वेळ उकळत ठेवलं तर सामू हळूहळू चढतो, कारण उष्णतेने सोड्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे सोडियम कार्बोनेट उरतं. एकाच पातेल्यातून काढलेला शेवटचा घाणा पहिल्यापेक्षा गडद होतो, यामागे बहुधा हेच असावं.

याच धाग्याला धरून अमेरिकन अन्नविज्ञान-लेखक हॅरॉल्ड मॅक्गी यांनी २०१० साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक सोपा तोडगा मांडला. पाण्यात तासन्‌तास उकळत बसण्यापेक्षा सोडा कोरडाच भट्टीत भाजून घ्यावा. १२० ते १५० अंश सेल्सिअसला तासभर ठेवला की त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातं आणि ट्रेमध्ये सोडियम कार्बोनेट राहतं. हिशेब रसायनशास्त्राच्या शाळेतल्या पुस्तकाचा आहे: १०० ग्रॅम सोड्याचे साधारण ६३ ग्रॅम उरले पाहिजेत. वजनकाटा तेवढं दाखवत असेल तर भाजणी पूर्ण झाली. ८० दाखवत असेल तर परत आत ढकलावा. या भुकटीच्या पाण्याचा सामू साडेअकराच्या आसपास जातो. कॉस्टिक सोड्याची पातळी गाठत नाही, पण खाण्याच्या सोड्याच्या हजारपटीहून वर आहे. काटा नसेल तर हळद आहे. चिमूटभर हळद खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात नारिंगीकडे झुकते, भाजलेल्या सोड्याच्या पाण्यात गडद लाल होते. कुंकू करताना हळदीला खार लावतात त्यामागचं तत्त्व हेच.

मराठी वाचकाला हे पुरतं परकं वाटू नये, कारण उडदाच्या पापडात पडणारा पापडखार याच कुळातला आहे. त्यातही मुख्य ऐवज सोडियमच्या कार्बोनेटांचाच. मग सरळ पापडखारच का वापरू नये? वापरता येईल, आणि खाण्याच्या सोड्यापेक्षा रंगही चांगला येईल. अडचण एवढीच की वाण्याकडे मिळणाऱ्या पापडखारात कार्बोनेट किती, बायकार्बोनेट किती आणि साधं मीठ किती, हे पुडीगणिक बदलतं. पापडात तो चिमटीने पडतो, तिथे हे खपून जातं. बुडवणीच्या पाण्यात प्रमाण चुकलं की रंग तरी जातो किंवा चव तरी. भाजलेल्या सोड्याचं प्रमाण आपल्या हातात असतं. धुण्याचा सोडा हाही सोडियम कार्बोनेटच आहे, पण तो खाण्यासाठी शुद्ध केलेला नसतो, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये.

खऱ्या जर्मन पद्धतीचा आग्रह धरणाऱ्यांचा आक्षेप ठरलेला आहे: कॉस्टिक सोड्याशिवाय प्रेट्झेल म्हणजे तडजोड. रंगाच्या बाबतीत हे खरं आहे. भाजलेल्या सोड्याने रंग चांगला तपकिरी होतो, पण तो महोगनी लाकडाचा लालसर झाक असलेला रंग आणि तशी चमक पूर्णपणे येत नाही. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण खरेपणाच्या नावाने हा आग्रह धरला तर तो उलटतो. स्वस्त, शुद्ध कॉस्टिक सोडा हा एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्यांचा माल आहे. त्याआधी घरात आणि बेकरीत ट्रे घासायला जो खार असायचा, तो लाकडाच्या राखेतून पाणी गाळून काढलेला असायचा, आणि राखेच्या पाण्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असतं. बाड उराखच्या मांजराने प्रेट्झेल ज्या बादलीत पाडला, त्या बादलीत, ती खरंच असली तर, बहुधा कार्बोनेटच होतं. म्हणजे भाजलेला सोडा रसायनाच्या दृष्टीने आजच्या बेकरीपेक्षा जुन्या बादलीच्या जवळचा. परंपरेचाच कौल घ्यायचा तर तो वाटतो तितका कॉस्टिकच्या बाजूने जात नाही.

दुसऱ्या बाजूचा आक्षेप पेनसिल्व्हेनियातून येतो, आणि तो जास्त वजनदार आहे. जर्मन स्थलांतरितांनी प्रेट्झेल अमेरिकेत नेला. ज्युलियस स्टर्जिस यांनी १८६१ साली लिटिट्झ गावात अमेरिकेतली पहिली व्यापारी प्रेट्झेल बेकरी काढली असं मानतात. फिलाडेल्फियात आखूड, चपट्या इंग्रजी आठच्या आकड्यासारखे, एकमेकांना चिकटून भाजलेले मऊ प्रेट्झेल रस्त्यावर मोहरीच्या सॉसबरोबर खातात. १९८८ साली अ‍ॅन बाइलर यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका बाजारात दुकान मांडलं, त्यातून ‘आंटी अ‍ॅन्स’ ही साखळी झाली. त्यांचा प्रेट्झेल गोडसर, अतिशय मऊ, भट्टीतून काढल्यावर वितळलेल्या लोण्यात न्हाऊन निघालेला. जगभरच्या मॉलमधल्या कोट्यवधी लोकांना प्रेट्झेल म्हणून हाच माहीत आहे. मग त्यांच्यासाठी खाण्याच्या सोड्याची बुडवणी पुरेशी का नाही? पुरेशी आहे, माझी हरकत नाही. पण तो वेगळा पदार्थ आहे, आणि त्याची चव सालीतून नव्हे, साखर-लोण्यातून येते. घोळ होतो तो दोन्हींची सरमिसळ करणाऱ्या पाककृतींत. तिथे बुडवणी कमजोर असते, म्हणून पिठात ब्राऊन शुगर वाढवतात, वरून अंडं फासतात, भट्टी तापवतात. रंग येतो, पण तो साखर करपल्याचा आणि अंडं भाजल्याचा. साखर आणि अंडं इथे बुडवणीचं अपुरं काम झाकायला आलेली असतात.

आता सुरक्षिततेचा प्रश्न, आणि इथे अमेरिकेतलीच एक जुनी हकिगत महत्त्वाची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन घरांत साबण करायला आणि मोऱ्या साफ करायला कॉस्टिक सोड्याचे डबे सर्रास असत. लहान मुलं साखर समजून तो तोंडात घालत. अन्ननलिका जळून आक्रसायची, आणि मूल वाचलं तरी गिळता येईनासं व्हायचं. फिलाडेल्फियात काम केलेले घशाचे शल्यवैद्य शेव्हॅलिअर जॅक्सन यांनी अशा असंख्य मुलांवर दुर्बिणीतून उपचार केले आणि मग डब्यांवर विषाची चिठ्ठी सक्तीची व्हावी म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली. १९२७ चा फेडरल कॉस्टिक पॉयझन कायदा ही त्यांची कामगिरी. त्यावरून प्रेट्झेलच विषारी असतो असा अर्थ कुणी काढू नये. भट्टीत त्या पातळ थरातला खार पिठातल्या आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून सौम्य कार्बोनेटांत बदलतो. जर्मन माणूस पिढ्यान्‌पिढ्या प्रेट्झेल खातो आहे. ४ टक्क्यांचं तयार पाणी हातमोजे आणि चष्मा घालून वापरलं तर तेही हाताळता येण्याजोगं आहे, त्याचे शिंतोडे उडाले तर भरपूर पाण्याने धुवावेत. खरा धोका डब्याचा आहे: उरलेले पांढरे दाणे घरात राहतात, झाकण कुणीतरी नीट लावत नाही, आणि पाण्यात दाणे घालण्याऐवजी दाण्यांवर पाणी ओतलं तर ते उसळून डोळ्यांत जातं. शिवाय आपल्याकडे दुकानात मिळतो तो मोरी साफ करायचा माल. त्यातल्या काहींत अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे आणि इतर रसायनं मिसळलेली असतात. तो अन्नाजवळ आणूच नये. ज्याच्याकडे खाद्यदर्जाचा खार मिळवायची सोय आहे, घरात लहान मूल नाही आणि कामाची शिस्त आहे, त्याने कॉस्टिक वापरावा, त्याला तोड नाही. उरलेल्या, म्हणजे बहुतेक सगळ्या घरांना भाजलेला सोडाच योग्य. तोही निरुपद्रवी नाही, डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि उघड्या हाताने चोळू नये. पण चुकून सांडला तर रुग्णालय गाठावं लागेल असा तो नाही.

खार कुठलाही असो, अ‍ॅल्युमिनियमपासून लांब. आपल्याकडचं पातेलं, झारा, केकचा ट्रे यांतलं काय अ‍ॅल्युमिनियमचं नसेल हे सांगणंच कठीण, आणि खार या धातूला खातो. कॉस्टिक तर बुडबुडे काढत खातो, ते बुडबुडे हायड्रोजनचे. जर्मनीतल्या अन्नतपासनिसांना अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेवर भाजलेल्या प्रेट्झेलमध्ये या धातूचं प्रमाण वाढलेलं आढळलं आहे. म्हणून चांगल्या बेकऱ्या स्टीलचा ट्रे किंवा मध्ये कागद वापरतात. घरी स्टीलची परात, स्टीलचा झारा आणि ट्रेवर बेकिंगचा कागद एवढं पुरे. सोडा भाजतानाही ट्रे स्टीलचाच.

पिठाबद्दल थोडक्यात आटोपतं, कारण त्यात गूढ फार नाही. जर्मन बेकर घट्ट पीठ भिजवतो, मैद्याच्या निम्म्याहून थोडं जास्त पाणी: ५०० ग्रॅम मैद्याला २६० मिलिलिटरच्या आसपास, ३० ग्रॅम लोणी, १० ग्रॅम मीठ, एक छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, मिळालं तर थोडं जवाचं माल्ट. भिजवल्यावर ते पुरीच्या पिठासारखं लागलं पाहिजे. पिझ्झाच्या सवयीने सैल भिजवलं तर बुडवताना आकार ओघळतो. आपल्या मैद्याच्या पाकिटावर प्रथिनं बहुधा १० ग्रॅमच्या आसपास लिहिलेली असतात. प्रेट्झेलला पुष्कळ ताणदार मैदा लागतो हा समज चुकीचा आहे, एवढ्यावर भागतं, फक्त दहा मिनिटं नेटाने मळावं लागतं. दोरी वळताना आखडायला लागली तर झाकून दहा मिनिटं विसावू द्यावी, मग ती विनातक्रार हातभर लांबते. पिळाला मी वर दुय्यम ठरवलं, त्यात एक दुरुस्ती करायला हवी: चवीला पीळ लागत नाही, पण खाण्याच्या मजेला लागतो. श्वाबेनचे बारीक हात भट्टीत पूर्ण कडक होतात आणि जाड पोट मऊ राहतं, एकाच तुकड्यात दोन पोत. म्हणून दोरी मध्ये जाड आणि टोकांना बारीक वळणं एवढं तरी जमवावं; गाठ वाकडी बसली तर बसू द्यावी.

पाककृतींत हमखास गाळली जाणारी पायरी म्हणजे सुकवणं. वळलेला प्रेट्झेल थोडा फुगू देऊन मग तो उघडाच थंडीत ठेवतात, म्हणजे वरच्या पृष्ठभागावर कोरडी कातडी धरते. घरी फ्रीजमध्ये न झाकता तासभर ठेवला की काम होतं. या कातडीमुळे पाणी आत मुरत नाही, नग हाताळताना मोडत नाही, आणि साल गुळगुळीत निघते. कातडी न धरलेलं पीठ उकळत्या सोड्यात टाकलं की वरचा स्टार्च जाड थराने शिजतो, यीस्ट तिथल्या तिथे मरतं. भाजल्यावर साल बेगलसारखी चिवट होते आणि निवताना सुरकुतते. भाजलेल्या सोड्याचा दुसरा मोठा फायदा इथे आहे. त्याचं पाणी मुळातच जहाल असल्याने ते उकळायची गरज नाही. लिटरभर गार पाण्यात ५०-६० ग्रॅम भुकटी विरघळवून त्यात फ्रीजमधला ताठ प्रेट्झेल दोन-तीन मिनिटं ठेवावा. काम होतं आहे की नाही हे डोळ्यांनी कळतं: पांढरट पीठ हळूहळू पिवळसर होतं, कारण मैद्यातली रंगद्रव्यं खारात पिवळी पडतात, आणि बोटाला ते बुळबुळीत लागतं. पिवळेपणा आला नाही तर सोडा नीट भाजला गेलेला नाही. बाहेर काढून पाणी निथळलं की पोटावर धारदार पात्याने एक खोल चीर, वर मीठ, आणि २२० ते २३० अंशाच्या तापलेल्या ओव्हनमध्ये बारा ते पंधरा मिनिटं. वाफ सोडायची गरज नाही. सालीचा थर आधीच तयार असतो.

मिठाचा मुद्दा लहान, पण चुकणारा. आपलं खडे मीठ दमट असतं आणि प्रेट्झेल गरम असतानाच विरघळून डाग पाडतं. सैंधवाचे जाडे खडे कोरडे असतात, ते टिकतात. तेही रात्रभर मात्र टिकत नाहीत, आणि प्रेट्झेलची खरी नाजूक बाजू ही आहे. मीठ हवेतला ओलावा ओढतं, साल त्या ओलाव्याने नरम पडते, प्रेट्झेल डब्यात घातला तर तासाभरात सुरकुततो. मुंबईच्या पावसाळ्यात तर विचारायला नको. सकाळचा प्रेट्झेल संध्याकाळी वेगळाच पदार्थ झालेला असतो, आणि विकत आणलेल्यापेक्षा घरी करण्याचं सगळ्यात भक्कम कारण तेच. जर्मन शहरांतल्या बहुतेक दुकानांनी यावर तोड काढली आहे: कारखान्यातून गोठवलेले कच्चे नग येतात आणि दिवसभर थोडे थोडे भाजले जातात. घरीही एका मळणीचे आठ-दहा नग वळून, सुकवून फ्रीझरमध्ये सुटे सुटे गोठवता येतात, मग एकमेकांना न चिकटता पिशवीत आठवडा-दोन आठवडे राहतात. लागतील तेवढे काढायचे, वरचं दंव जाऊन पीठ बोटाने किंचित दबेल इतकंच वितळू द्यायचं आणि गार खारात बुडवायचं. उकळत्या सोड्याच्या पातेल्यात मात्र असा नग टाकू नये: बाहेरून शिजतो, आतून गोठलेलाच राहतो, आणि भट्टीत चिरेतून फुलण्याऐवजी खालच्या बाजूने फाटतो.